फिलिपिनो खलाशी व आमचें देणें

जो मनुष्य आपला जीव धोक्यांत घालून आमच्या घरीं अन्न पोहोंचवितो, त्याला ठरलेला पगार मिळाला म्हणजे त्याचें सारें देणें फिटलें, असें म्हणतां येईल काय? आणि फिटलें नसेल, तर उरलेलें देणें त्याला शूर म्हटल्यानें, त्याच्या नांवानें वर्षांतून एक दिवस पाळल्यानें फिटतें काय? हा प्रश्न जुना आहे. परंतु २०२३ सालापासून तांबड्या समुद्रांत व एडनच्या आखातांत ज्या गोष्टी घडल्या त्यांनीं तो नव्यानें उभा केला आहे. आणि ज्यांच्या हालांनीं व मरणानें तो उभा राहिला, त्यांतील पुष्कळसे एकाच देशाचे, म्हणजे फिलिपाइन बेटांचे, खलाशी होते. आमच्या खेड्यापाड्यांतील वाचकांस तीं बेटें फार दूरचीं वाटतील. तीं खरोखर किती दूर आहेत तें पुढें पाहूं.

फिलिपाइन हा सात हजारांहून अधिक बेटांचा देश आहे. तेथील बहुतेक लोक ख्रिस्ती, व त्यांतही रोमन मंडळीचे. समुद्र त्यांच्या अंगणांतच आहे. १५६५ पासून १८१५ पर्यंत मनिला व मेक्सिकोतील आकापुल्को यांच्या दरम्यान स्पेनचीं जीं मोठालीं गलबतें येत-जात असत, त्यांवर राबणारे हातही पुष्कळसे याच बेटांतले होते. जहाजमालकांच्या संघांनीं २०२१ सालीं जगांतील व्यापारी जहाजांवरील माणसांचा अंदाज केला, तो सुमारें १८ लाख ९० हजार भरला; आणि माणसें पुरविणाऱ्या पहिल्या पांच देशांत फिलिपाइनचें नांव सर्वांच्या आधीं होतें. त्या पांचांत भारतही होता, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

अलीकडील जहाजाचा कारभार मोठा चमत्कारिक असतो. मालक ग्रीस देशांत, निशाण लायबेरियाचें किंवा पनामाचें, माल तिसऱ्याचा, विमा चौथ्याकडे, आणि इंजिनखोलींत घाम गाळणारें अंग फिलिपिनोचें. करार बहुधा आठ-नऊ महिन्यांचा. मूळ पगारापैकीं शेंकडा ८० भाग घरीं पाठविलाच पाहिजे, असा नियम त्याच्या करारांतच घातलेला असतो. या वाटेनें दरसाल सहा अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम त्या देशांत येते. त्या पैशानें पत्र्याच्या घराला भिंती होतात, धाकट्या बहिणीची शाळा चालते, म्हाताऱ्या आईला औषध मिळतें. मनिला शहरांत कालाव नांवाचा रस्ता आहे. तेथें झाडांखालीं खलाश्यांची एक प्रकारची नाक्यावरची मजूरपेठच भरते. भरती करणारे दलाल फलक घेऊन उभे असतात, आणि हातांत कागदपत्रें घेतलेलीं माणसें या फलकाकडून त्या फलकाकडे जात असतात. कित्येक तरुण तर पुढेंमागें एखाद्या जहाजावर जागा मिळेल या आशेनें दलालाच्या कचेरींत महिनोन् महिने जवळजवळ फुकट चाकरी करितात. ही गोष्ट आम्हीं मुद्दाम सांगितली. कारण "तो आपखुशीनें गेला" हें वाक्य पुढें येणार आहे, आणि त्या वेळीं हा रस्ता आठवावा लागेल.

आतां धोक्याविषयीं. खलाशाचें मरण म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें वादळ येतें. वादळ खरेंच आहे. २०२० च्या सप्टेंबर महिन्याच्या २ तारखेस 'गल्फ लाइव्हस्टॉक १' नांवाचें जहाज न्यूझीलंडहून चीनकडे ५,८६७ गुरें घेऊन जात असतां जपानच्या बाजूस तुफानांत सांपडलें. इंजिन बंद पडलें, लाट बसली, जहाज कलंडलें. वर ४३ माणसें होतीं, त्यांतलीं ३९ फिलिपिनो. दोघे वांचले. परंतु जो धोका दिसत नाहीं तो याहून कपटी आहे. 'बल्क ज्युपिटर' नांवाचें जहाज मलेशियांतून बॉक्साइटची माती भरून निघालें, व २०१५ च्या जानेवारीच्या २ तारखेस व्हिएतनामच्या किनाऱ्याजवळ बुडालें. ती माती पावसानें ओली झालेली होती. बंदरांत पाहणाऱ्याला ती ढीगच्या ढीग कोरडीशी दिसते. पण जहाज दिवसरात्र हलत राहिलें म्हणजे कणांमधलें पाणी दाबलें जाऊन सारा ढीग चिखलासारखा पातळ होतो व एका कुशीला वाहतो. ज्यानें ओल्या वाळूची गाडी उतारावरून नेली आहे त्याला हें समजेल. मग जहाज एकदां कललें कीं परत सरळ होत नाहीं. त्यावरील १९ ही माणसें फिलिपिनो होतीं. एकटा स्वयंपाकी वांचला. लक्षांत घ्या, येथें समुद्राचा अपराध थोडा आहे. ओली माती भरूं नये हें माहीत होतें. किती ओलावा चालेल हें मोजण्याची रीतही ठरलेली होती. जहाज थांबवून माती वाळूं देण्यास दिवस लागतात, आणि दिवसाला पैसे पडतात. हा हिशेब ज्यानें मांडला तो जहाजावर नव्हता.

आणि मग तांबडा समुद्र. २०२३ च्या नोव्हेंबरच्या १९ तारखेस येमेनमधील हूतींनीं 'गॅलक्सी लीडर' हें जहाज पकडलें. त्यावर २५ माणसें होतीं, पैकीं १७ फिलिपिनो. पकडलेलें जहाज पाहण्यास किनाऱ्यावरचे लोक जत्रेसारखे येत. आणि तीं २५ माणसें मात्र २०२५ च्या जानेवारीच्या २२ तारखेपर्यंत, म्हणजे चौदा महिने, अडकून पडलीं. २०२४ च्या मार्चच्या ६ तारखेस एडनच्या आखातांत 'ट्रू कॉन्फिडन्स' या जहाजावर क्षेपणास्त्र आदळलें. दोन फिलिपिनो व एक व्हिएतनामी असे तिघे मेले. जे वांचले त्यांत एक भारतीय होता, आणि त्या सर्वांस पाण्यांतून उचलून जिबूतीस पोहोंचविणारी आपल्या नौदलाची 'कोलकाता' नौका होती. त्याच वर्षीं जूनच्या १२ तारखेस 'ट्यूटर' या जहाजावर स्फोटकें भरलेली, मनुष्य नसलेली एक होडी येऊन आदळली. जहाजावर २२ फिलिपिनो होते. एकवीस सुटले. एकजण इंजिनखोलींत होता. कांहीं दिवसांनीं तें जहाज समुद्राच्या तळाशीं गेलें.

या सर्वांचें त्या युद्धाशीं काय वैर होतें? कांहीं नाहीं. ज्यांचें वैर होतें त्यांना तें जहाज कोणाच्या मालकीचें आहे, कोणत्या बंदरास जाऊन आलें आहे, हें पाहावयाचें होतें. इंजिनखोलींत कोण आहे हें त्यांनीं पाहिलें नाहीं.

आतां यावर विचारी माणसेंही जें उत्तर देतात तें प्रामाणिकपणें मांडलें पाहिजे. ते म्हणतात: खलाशास कोणी बांधून नेलें नव्हतें. त्याला आपल्या गांवांत मिळाला असता त्याच्या कितीतरी पट पगार मिळतो. धोक्याच्या पट्ट्यांतून जहाज गेलें तर तितक्या दिवसांचा मूळ पगार दुप्पट होतो, मरण आल्यास भरपाईही दुप्पट. शिवाय तेथें जावयाचें नसेल तर नाहीं म्हणण्याचा त्याचा हक्क जहाजमालकांनीं व कामगारसंघांनीं मिळून मान्य केला आहे. नाहीं म्हणणाऱ्यास मालकाच्या खर्चानें घरीं पोहोंचवावें असें ठरलें आहे. मग ज्यानें जाणूनबुजून धोका पत्करला व त्याचें मोल घेतलें, त्याचें आणखी काय देणें उरलें?

हें उत्तर अगदीं टाकाऊ नाहीं. खलाशास अजाण लेंकरूं समजणें हाही त्याचा अपमानच आहे. तो हिशेब करितो, तो ठरवितो, त्याचें ठरविणें आम्हीं मानलें पाहिजे. आणि नाहीं म्हणण्याचा हक्क कागदावर येण्यापूर्वीं तोही नव्हता. परंतु हक्काची पारख तो वापरला असतां काय होतें यावरून करावी. ज्याचा करार नऊ महिन्यांत संपणार, ज्याचा पुढचा करार त्याच दलालाच्या हातीं, ज्याच्या मागें त्या रस्त्यावर शेंकडों माणसें कागद घेऊन उभीं, त्यानें "मी जात नाहीं" म्हटलें, तर त्याला कोणी शिक्षा करणार नाहीं. फक्त पुढच्या वेळीं त्याचें नांव पुकारलें जाणार नाहीं. आमच्याकडे ऊसतोडणीस जाणारीं कुटुंबें मुकादमाची उचल घेऊन जातात, तींही आपखुशीनेंच जातात. त्या आपखुशीचा अर्थ आमच्या वाचकांस आम्हीं समजावून सांगण्याची गरज नाहीं. गरजेनें दिलेली संमती खोटी नसते, पण ती घेणाऱ्याला सर्व जबाबदारींतून मोकळें करील इतकी मोठीही नसते.

दुसरें उत्तर पहिल्याहून गोड आहे, आणि आमच्या मतें अधिक धोक्याचें. तें म्हणतें, या लोकांस वीर म्हणावें. १९८८ सालीं फिलिपाइनच्या अध्यक्षा कोराझोन अक्विनो यांनीं परदेशीं राबणाऱ्या आपल्या देशबांधवांना "नवे वीर" म्हटलें, व तो शब्द त्या देशांत रुळला. खलाशांसाठीं सप्टेंबरचा शेवटचा रविवार पाळतात. यांत मनाचा ओलावा नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. घरापासून दूर गेलेल्याची आठवण ठेवणें चांगलेंच. परंतु वीर या शब्दांत एक खोंच आहे. वीराचा धोका हा त्याचा सद्गुण ठरतो. मग तो धोका कोणी निर्माण केला, तो टाळतां आला असता काय, हें कोणी विचारीत नाहीं. बल्क ज्युपिटरवरील अठरा माणसें वीर होतीं काय? तीं माणसें ओल्या मातीवर झोंपलीं होतीं. त्यांना वीर म्हटलें कीं ती माती भरणारा सुटला.

२०२४ सालची गोष्ट याच जातीची आहे. त्या वर्षीं सप्टेंबरच्या २३ तारखेस फिलिपाइनमध्यें खलाशांच्या हक्कांचा मोठा कायदा झाला. वर्षानुवर्षें मागितलेला तो कायदा, आणि त्यांत पुष्कळ चांगलें आहे. परंतु त्यांत एक कलम असें आलें कीं, जखमी झालेल्या खलाशाच्या बाजूनें भरपाईचा निकाल लागला, आणि मालकानें वर दाद मागितली, तर वादांतली रक्कम हातीं घेण्यापूर्वीं खलाशानेंच जामीनाची रक्कम तारण द्यावी. मालकांचीही बाजू आहे: ते म्हणतात, वरच्या न्यायालयांत निकाल फिरला तर दिलेले पैसे खर्च होऊन गेलेले असतात, आणि कित्येक वकील खलाश्यांस भरीस घालून खोटे दावे करवितात. असें होत नसेल असें आम्ही म्हणत नाहीं. तरी ज्याचा पाय मोडला आहे, ज्याचें काम गेलें आहे, त्यानें तारण कोठून आणावें? खलाश्यांच्या संघटनांनीं यावर ओरड केली ती योग्यच होती. एका तोंडानें वीर, दुसऱ्या तोंडानें जामीन आण; सावकाराच्या ओट्यावर याहून वेगळें काय घडतें?

या ठिकाणीं आम्हांस दाविदाची एक गोष्ट आठवते. ती शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या २३ व्या अध्यायांत आहे. दावीद गडावर होता, बेथलेहेम पलिष्ट्यांच्या ताब्यांत होतें. त्या गांवच्या वेशीजवळच्या विहिरीचें पाणी कोणी पाजील तर किती बरें, असें तो सहज बोलून गेला. त्यानें आज्ञा केली नव्हती. परंतु तिघे योद्धे शत्रूच्या छावणींतून घुसून गेले व पाणी घेऊन आले. दाविदानें तें प्यालें नाहीं. तें त्याला पाण्यासारखें दिसेना, त्या तिघांच्या रक्तासारखें दिसूं लागलें, आणि त्यानें तें देवापुढें ओतून टाकलें.

उपदेशांत या गोष्टीचा उपयोग बहुधा तिघांच्या स्वामिभक्तीसाठीं करितात. आमचें लक्ष दाविदाच्या सहज बोलण्याकडे जातें. ज्याच्या हातीं सत्ता आहे त्याची नुसती इच्छा खालच्या माणसासाठीं धोका होऊन बसते, आज्ञेची गरजच पडत नाहीं. तेल स्वस्त मिळावें, खत वेळेवर यावें, अशी इच्छा आपण बाजारांत उभे राहून करितों. ती इच्छा दुकानदाराकडून व्यापाऱ्याकडे, व्यापाऱ्याकडून जहाजाच्या भाड्याकडे, भाड्याकडून मालकाकडे, मालकाकडून कप्तानाकडे जाते. आणि शेवटीं आफ्रिकेला वळसा घालून जाण्यास दोनेक आठवडे अधिक लागतात, म्हणून जहाज तांबड्या समुद्रांत शिरतें. युक्रेन व रशिया येथून आपल्याकडे येणाऱ्या सूर्यफुलाच्या तेलाची जवळची वाट हीच आहे. पोटॅशचें खत बाहेरूनच आणावें लागतें, आणि जॉर्डन व इस्राएल येथून येणाऱ्या पोटॅशची वाटही हीच. ज्वारीच्या भाकरीबरोबरच्या कालवणांतही हा समुद्र आहे. फिलिपाइन बेटें किती दूर, हा प्रश्न आम्हीं आरंभीं केला होता.

मग आपणही दाविदासारखें तें तेल ओतून टाकावें काय? नाहीं, आणि येथें आपली स्थिति दाविदाहून अवघड आहे. त्याचे तिघे योद्धे पाण्यावर पोट भरीत नव्हते. खलाशाचें घर त्याच मालावर चालतें. आपण घेणें सोडलें तर पहिला उपासमारींत पडेल तो तोच. २०२० सालीं साथीच्या भयानें देशोदेशींच्या सरकारांनीं बंदरें बंद केलीं तेव्हां सुमारें चार लाख खलाशी करार संपूनही जहाजांवरच अडकले. जगानें त्यांचा माल उतरवून घेतला, त्यांना उतरूं दिलें नाहीं. ओतून टाकण्याचा मार्ग आपल्याला नाहीं, आणि गुपचूप पिऊन टाकण्याचा मार्ग दाविदानें बंद केला आहे.

उरतो तो तिसरा मार्ग, आणि तो कंटाळवाणा आहे. इंग्लंडमध्यें सॅम्युएल प्लिम्सॉल नांवाचा पार्लमेंटचा सभासद होता. त्याच्या काळीं मालक जुनीं जहाजें विम्याच्या भरंवशावर कांठोकांठ भरून पाठवीत, व लोक त्यांना शवपेट्या म्हणत. प्लिम्सॉलनें खलाशांच्या शौर्याचे पवाडे गाइले नाहींत. त्यानें जहाजाच्या बाजूवर एक रेघ मागितली: ही पाण्याखालीं गेली कीं माल भरणें बंद. १८७३ सालीं त्यानें यावर ग्रंथ लिहिला, पार्लमेंटांत मूठ उगारून अपशब्द बोलला, माफीही मागितली, आणि १८७६ सालीं कायदा झाला. त्यांतही रेघ कोठें काढावी हें मालकावरच सोडलें होतें. ती जागा कायद्यानें ठरण्यास आणखी दहा वर्षांहून अधिक काळ गेला. ती रेघ आज प्रत्येक मालवाहू जहाजावर असते. खलाशाला मान देणें म्हणजे काय, हें आम्हांस त्या रेघेंत जितकें दिसतें तितकें कोणत्याही भाषणांत दिसत नाहीं.

आमच्या काळचीही एक रेघ आहे. समुद्रावरील कामगारांसाठीं जो सार्वराष्ट्रीय करार २००६ सालीं झाला, तो तीस देशांनीं मान्य केल्यावर लागू व्हावयाचा होता. ती संख्या २०१२ च्या ऑगस्टच्या २० तारखेस भरली, व शेवटच्यांत फिलिपाइनचें नांव होतें. पुढच्या वर्षीं तो अमलांत आला. भारतानें २०१५ सालीं मान्यता दिली. चोवीस तासांत निदान दहा तास विसांवा, करारांत लिहिलेला पगार, जहाजमालकानें टाकून दिलेल्यांस घरीं पोहोंचविण्याची तजवीज, असल्या साध्या गोष्टी त्यांत आहेत. त्या पाळल्या जातात कीं नाहीं हें पाहण्याचें काम बंदरावरील अधिकाऱ्याचें. म्हणजे आपल्या बंदरांत आपल्या अधिकाऱ्याचें. येथें "फिलिपाइनच्या लोकांचें फिलिपाइन पाहून घेईल" हें म्हणणें संपतें.

मुंबईस मशीद बंदराजवळ भारतीय खलाशांचें एक गृह आहे. तें १९३१ सालीं उघडलें. पहिल्या महायुद्धांत समुद्रावर मेलेल्या दोन हजारांहून अधिक भारतीय खलाशांचें तें स्मारक आहे. त्यांचीं नांवें तेथें धातूच्या पाट्यांवर कोरलेलीं आहेत. कोंकणच्या किनाऱ्यावरील ज्या घरांतून पिढ्यान् पिढ्या मुलगे जहाजावर गेले, त्या घरांना त्या नांवांत परकें कांहीं वाटणार नाहीं. आम्हांस त्या स्मारकाची एक गोष्ट विशेष आवडते. तें नुसती पाटी नाहीं. बंदरास आलेल्या खलाशास निजावयास खाट मिळावी म्हणून बांधलेलें घर आहे. मेलेल्यांचीं नांवें भिंतीवर, व जिवंतांची वळकटी त्याच छपराखालीं.

बंदरांत जहाज लागलें म्हणजे शिडी चढून वर जाणारे कांहीं लोक असतात. इंग्लंडच्या मंडळीनें १८५६ सालापासून हें काम चालविलें आहे, रोमन मंडळीनें १९२० पासून. पुष्कळ बंदरांत दोघेही एकमेकांच्या हातास हात लावून काम करितात, ही गोष्ट आमच्या कांहीं मंडळ्यांनीं पाहण्यासारखी आहे. हे लोक वर जातात तेव्हां बहुधा उपदेश करीत नाहींत. खलाशास घरीं बोलतां यावें म्हणून फोनचें कार्ड देतात, थंड देशांत लोकरीची टोपी देतात. मग भोजनखोलींत त्याच्याजवळ बसून विचारतात: घरीं शेवटचें बोलणें कधीं झालें? गेल्या महिन्याचा पगार पोहोंचला काय? गोडें पाणी पुरतें काय? आणि पुढचें बंदर कोणतें?